भंडाऱ्याचं दुकान गूगलवर कसं दिसेल?

“वेबसाइट तर बनवली, पण गूगलवर वर येत नाही. काय करावं लागेल आणि खर्च किती येईल?” हा प्रश्न तुमसरचे राईस मिलवाले विचारतात, आंधळगावचे कोसा विणकर विचारतात, भंडाऱ्यातले पितळी भांड्यांचे दुकानदार विचारतात आणि कोका अभयारण्याच्या वाटेवर दोन खोल्या भाड्यानं देणारेही विचारतात. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तोवर कुणाला तरी पैसे देऊन झालेले असतात. म्हणून आणखी खर्च करण्यापूर्वी थांबा. आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते पाहू.

“वर येत नाही” या एका तक्रारीत तीन वेगळी दुखणी असतात. एक, तुमचं पान गूगलच्या नोंदीतच नाही. दोन, नोंदीत आहे, पण गिऱ्हाईक जे शब्द टाकतं ते तुमच्या पानावर नाहीत. तीन, सगळं बरोबर आहे, पण दुसऱ्यांची पानं तुमच्याहून चांगली आहेत. तिसऱ्याला वेळ लागतो आणि कधी पैसाही. पण माझ्या पाहण्यात आपल्या जिल्ह्यातल्या छोट्या व्यवसायांचं दुखणं बहुतेक वेळा पहिलं किंवा दुसरं असतं. ते तुम्ही स्वतः चार संध्याकाळी बसून दूर करू शकता.

पहिली तपासणी: तुमचं पान नोंदीत आहे का?

१. गूगलच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द लिहा, त्याला लागून विसर्गासारखी दोन टिंबं द्या आणि मधे जागा न सोडता तुमच्या वेबसाइटचा पत्ता लिहा. तुमची पानं यादीत आली तर नोंद आहे. एकही आलं नाही, तर बहुधा नोंदच झालेली नाही.

२. वेबसाइट वर्डप्रेसवर असेल तर ‘सेटिंग्ज’मधलं ‘रीडिंग’ हे पान उघडा. सर्च इंजिननं ही साइट नोंदवू नये, अशा अर्थाची एक चौकट तिथे असते. साइट बनत असताना बनवणारे त्या चौकटीत खूण करतात आणि काम संपल्यावर ती काढायला विसरतात. या एका खुणेपायी वर्षभर न दिसलेली साइट मी पाहिली आहे. खूण असेल तर काढा आणि बदल जतन करा.

३. गूगलचं ‘सर्च कन्सोल’ हे साधन मोफत आहे. त्यात तुमची साइट जोडा, मालकी सिद्ध करा आणि साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, द्या. एखादं पान नोंदलं का गेलं नाही, याचं कारण तिथेच कळतं आणि नोंदवण्याची विनंतीही तिथूनच करता येते. विनंती केल्यावर काही दिवस वाट पाहा. रोज विनंती केल्यानं काम लवकर होत नाही.

आपण कितव्या क्रमांकावर आहोत हे स्वतःच्या फोनवर शोधून ठरवू नका. गूगल शोधणाऱ्याचं ठिकाण बघून निकाल बदलतं, आणि आधीच्या शोधांचाही त्यावर थोडाफार परिणाम होतो. दुकानात बसून तुम्ही स्वतःचंच नाव शोधलं, तर ते वर दिसणारच. नागपुरातल्या गिऱ्हाइकाला काय दिसतं, ते त्यावरून कळत नाही. सर्च कन्सोलमध्ये दिसणारा सरासरी क्रमांक त्याहून विश्वासाचा आहे.

चाव्या कुणाकडे आहेत?

रँकिंगच्या लेखात हा मुद्दा कशाला, असं वाटेल. पण सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. ओळखीच्या एका कोसा विक्रेत्यांची साइट भाच्याच्या मित्रानं बनवून दिली होती. डोमेन त्यानं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. नोकरीसाठी तो गाव सोडून गेला आणि नूतनीकरणाची ईमेल त्याच्या जुन्या पत्त्यावर येत राहिली. मुदत संपली, साइट बंद पडली आणि पुढे ते नाव दुसऱ्याच कुणीतरी घेतलं. सहा वर्षांत त्या पत्त्यानं मिळवलेली ओळख, दुसऱ्या साइटवर असलेले त्याचे दुवे, छापलेली व्हिजिटिंग कार्डं, सगळं एका दिवसात वाया गेलं. नवीन पत्त्याला गूगलपुढे पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

म्हणून आज एक वही घ्या आणि पुढच्या गोष्टी कुणाच्या नावावर, कोणत्या ईमेलवर आहेत, ते लिहून काढा:

- डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव. नोंदणी तुमच्या किंवा तुमच्या फर्मच्या नावानं हवी, बनवणाऱ्याच्या नव्हे. मुदतीची तारीख वहीत आणि फोनच्या कॅलेंडरमध्येही टाका.
- होस्टिंग, म्हणजे साइट जिथे ठेवली आहे ती जागा.
- साइटचं प्रशासक खातं. बनवणाऱ्याला वेगळं खातं द्या. तुमचा पासवर्ड देऊ नका.
- गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल, म्हणजे नकाशावरची तुमची नोंद. त्याचे मुख्य मालक तुम्ही असा. मदतनीस फक्त व्यवस्थापक.
- सर्च कन्सोल.

डोमेन दुसरीकडे न्यायचं असेल तर त्यासाठी एक हस्तांतरण कोड लागतो. डॉट कॉमसारख्या नावांच्या बाबतीत नोंदणीदारानं मागितल्यावर पाच दिवसांत तो कोड देणं डोमेन कंपनीवर बंधनकारक आहे. मात्र हा हक्क ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्याचा. पैसे तुम्ही भरले आणि नाव दुसऱ्याचं असेल, तर भांडत बसावं लागतं.

नकाशावरची नोंद

“जवळचं भांड्यांचं दुकान” असं कुणी शोधलं, की आधी नकाशा आणि त्याखाली तीन-चार दुकानं दिसतात. ही यादी वेबसाइटच्या यादीहून वेगळी असते. ती गूगल बिझनेस प्रोफाइलवरून बनते आणि ही नोंद पूर्णपणे मोफत आहे. क्रम तीन गोष्टींवर ठरतो, असं गूगल स्वतः सांगतं: शोधाशी तुमचा व्यवसाय किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आहात आणि तुमची ओळख किती आहे. अंतर तुमच्या हातात नाही. त्यामुळे साकोलीचं हॉटेल नागपुरात बसून “जवळचं हॉटेल” शोधणाऱ्याला दिसणार नाही, आणि कुणी पैसे घेऊन ते दाखवण्याचं वचन देत असेल तर ते खोटं आहे. नागपूरच्या माणसाला गाठायचं असेल तर त्यासाठी वेबसाइटवरचं पान लागतं. त्याकडे पुढे येऊ.

प्रोफाइल भरताना एवढं सांभाळा:

- नाव दुकानाच्या बोर्डावर आहे तेच लिहा. नावापुढे “भंडाऱ्यातील सर्वोत्तम कोसा साडी होलसेल” अशी शेपटी जोडणं नियमाविरुद्ध आहे. त्यामुळे नोंद निलंबित होऊ शकते, आणि निलंबित नोंद परत सुरू करून घेताना नाकी नऊ येतात.
- मुख्य प्रकार अगदी नेमका निवडा. राईस मिलनं ‘तांदूळ गिरणी’ निवडावं, ‘किराणा दुकान’ नव्हे.
- वेळ खरी लिहा. आठवडी बाजाराच्या दिवशी, पोळ्याला, दिवाळीत वेळ बदलत असेल तर ती वेगळी भरण्याची सोय आहे. बंद दुकानापर्यंत येऊन परतलेलं गिऱ्हाईक एका ताऱ्याचा अभिप्राय देऊन जातं.
- घरून काम करत असाल आणि गिऱ्हाईक घरी येत नसेल, तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवा.
- पडताळणीसाठी हल्ली बहुतेकदा व्हिडिओ मागतात. रस्ता, दुकानाचा बोर्ड आणि आतली जागा एकाच सलग व्हिडिओत, मधे न थांबता दाखवा.

प्रोफाइल आधीच दुसऱ्या कुणी बनवून ठेवलं असेल तर तिथूनच मालकीची मागणी करता येते. सध्याच्या मालकाला उत्तरासाठी तीन दिवस मिळतात. उत्तर आलं नाही तर पडताळणी करून नोंद स्वतःकडे घेण्याचा मार्ग बऱ्याचदा खुला होतो.

आणखी एक. गूगलच्या प्रोफाइलवरून पूर्वी फुकट छोटी वेबसाइट बनवता येत असे. ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. तुमच्या कार्डावर, पिशवीवर किंवा प्रोफाइलमध्ये तो जुना पत्ता अजून असेल, तर गिऱ्हाईक बंद दारावर जाऊन परत फिरतंय.

‘भंडारा’ हा एकच शब्द पुरत नाही

आपल्या जिल्ह्याची एक खास अडचण आहे आणि बाहेरून साइट बनवून देणाऱ्यांना ती सहसा कळत नाही. ‘भंडारा’ म्हटलं की आपल्याला गाव आठवतं. पण उत्तर भारतात भंडारा म्हणजे सामुदायिक जेवण. जेजुरीला भंडारा म्हणजे हळद. देहूजवळ तुकोबांचा भंडारा डोंगर आहे आणि अकोले तालुक्यात भंडारदरा. म्हणजे “भंडारा” एवढंच लिहिलेल्या पानाचा संबंध कशाशी लावायचा, हे यंत्राला सहज कळत नाही.

तालुक्यांचंही तसंच. मोहाडी नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात आहे आणि धुळ्यालाही आहे. पवनी नागपूर जिल्ह्यात पेंचच्या जंगलाकडेही आहे. शिवाय आपल्याच पवनीचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे लिहिलं जातं. लाखनी इंग्रजीत लिहिलं की लखानी आडनावाची माणसं समोर येतात.

यावर उपाय साधा आहे. ठिकाण नेहमी जोडीनं लिहा:

- “मोहाडी, जिल्हा भंडारा, महाराष्ट्र”, आणि सोबत पिनकोड. भंडारा शहराचा ४४१९०४ आहे.
- “नागपूरपासून सुमारे ६० किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर” अशी ओळखीची खूण. बाहेरचा माणूस आधी नागपूर ओळखतो.
- रेल्वेनं येणाऱ्यांसाठी एक वाक्य: भंडारा रोड स्टेशन शहरात नाही, वरठीला आहे, तिथून आमच्याकडे असं या.
- पवनीसारख्या नावाचं दुसरं प्रचलित इंग्रजी स्पेलिंग ‘संपर्क’ पानावर एकदा यावं. प्रत्येक पानावर त्याची रांग लावू नका.

नाव, पत्ता आणि फोन नंबर वेबसाइटवर, गूगलच्या नोंदीत, फेसबुकवर आणि व्यापारी डिरेक्टऱ्यांमध्ये एकसारखेच असू द्या. एका जागी जुना लँडलाइन, दुसरीकडे मुलाचा मोबाइल आणि तिसरीकडे जागा बदलण्याआधीचा पत्ता, अशी गत फार ठिकाणी दिसते. डिरेक्टऱ्यांमधल्या जुन्या नोंदींत तर १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होण्याआधीचा जिल्हाही सापडतो. तोही दुरुस्त करून घ्या.

गिऱ्हाईक कोणता शब्द टाकतं?

या कामाचा गाभा इथे आहे. गूगल गिऱ्हाइकाचे शब्द आणि तुमच्या पानावरचे शब्द यांची सांगड घालतं. त्यामुळे तुम्ही वस्तूला काय म्हणता याच्याइतकंच, विकत घेणारा तिला काय म्हणतो, हेही महत्त्वाचं.

आपण धान म्हणतो. पुण्या-कोल्हापुरात त्याच पिकाला भात म्हणतात. आपल्याकडचा गंज तिकडे पातेलं होतो. आपला गुंड तिकडे घागर किंवा कळशी. आपल्याकडची चिल्लर विक्री तिकडे किरकोळ. कोशाला कुणी कोसा म्हणतं, कुणी टसर, कुणी टस्सर, आणि इंग्रजी अक्षरांत लिहिताना आणखी चार प्रकार करतात. पितळी भांडी ठोक घेणारा रायपूरचा व्यापारी हिंदीत शोधेल, परदेशातली मराठी बाई इंग्रजी लिपीत मराठी शब्द टाकेल, आणि गावातला माणूस फोनवर बोलूनच शोधेल.

याचा अर्थ आपली बोली पुसून टाकायची, असा मुळीच नाही. पानावर दोन्ही शब्द नैसर्गिकपणे येऊ द्या: “पितळी गुंड, म्हणजे पाणी भरायची घागर, आमच्याकडे तीन मापांत मिळते.” असं वाक्य पुण्याच्या गिऱ्हाइकालाही कळतं आणि साकोलीच्याही. बोली टिकते आणि शोधात दोन दारं उघडतात.

शब्द शोधायला पैसे लागत नाहीत:

- आठ दिवस फोनजवळ वही ठेवा. चौकशी करणारा पहिल्या वाक्यात काय म्हणतो, ते त्याच्याच शब्दांत लिहा.
- व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले जुने प्रश्न चाळा.
- गूगलवर तुमच्या वस्तूचं नाव अर्धं लिहा आणि खाली कोणत्या सूचना येतात ते पाहा. त्या लोकांच्या खऱ्या शोधांवरून आलेल्या असतात.

पूर्वी साइटच्या आतल्या बाजूला ‘कीवर्ड’ म्हणून शब्दांची लांबलचक यादी भरत. गूगल ती यादी क्रमासाठी वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलं आहे. त्या यादीसाठी आजही कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

पानावर काय लिहावं

“आमच्याकडे उत्तम दर्जाचा माल वाजवी दरात मिळेल.” हे वाक्य देशातल्या प्रत्येक दुकानाच्या साइटवर आहे, म्हणून त्याचा उपयोग कुणालाच होत नाही. तुम्हालाच माहीत असलेलं लिहा.

करवतकाठी साडी विकत असाल तर सांगा, काठावरची करवतीसारखी दाती कशी येते, तीन धोटे का लागतात, अंग कोशाचं आणि काठ सुती का असतो. कोसा ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवरच्या किड्यांपासून मिळतो, हे शहरातल्या अनेकांना माहीत नाही. एक साडी विणायला तुमच्या मागावर किती दिवस लागतात, ती घरी कशी धुवायची, यंत्रावरची आणि हातमागाची कशी ओळखायची, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर म्हणजे एकेक चांगलं पान होऊ शकतं. तुम्ही दुकानात रोज तोंडी हे सांगताच. तेच तसंच लिहा.

तांदूळ विकणाऱ्यांनी चिन्नोर आणि एचएमटी यांची सरमिसळ एका पानावर करू नये. प्रत्येक वाणाला स्वतंत्र पान द्या: नवा की जुना, पाणी किती लागतं, पाच किलोची पिशवी पुण्याला कुरिअरनं किती दिवसांत पोचते. पानाचं शीर्षकही तसंच नेमकं हवं. “मुखपृष्ठ” किंवा “आपले स्वागत आहे” हे शीर्षक वाया जातं, “चिन्नोर तांदूळ, थेट राईस मिलमधून, तुमसर, जि. भंडारा” हे काम करतं.

कोका किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याजवळ खोल्या देणाऱ्यांनी प्रवेशद्वाराचं नाव, तिथवरचं अंतर, पहाटेच्या सफारीसाठी चहा-नाश्ता किती वाजता मिळतो आणि पावसाळ्यात सफारी बंद असते, हे लिहावं. वाघाची उसनी छायाचित्रं लावण्यापेक्षा आपल्या खोल्यांची, अंगणाची खरी छायाचित्रं लावा.

दोन चुका टाळा. पहिली, भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर अशी सात पानं बनवून मजकूर तोच ठेवायचा आणि फक्त गावाचं नाव बदलायचं. ही गूगलच्या नियमांत न बसणारी गोष्ट आहे आणि तिचा उलटा परिणाम होतो. दुसरी, यंत्राकडून शेकड्यानं लेख लिहून घेऊन साइट भरायची. यंत्राची मदत घ्यायला हरकत नाही, पण ज्यात तुमचा एकही अनुभव नाही असा मजकूर गिऱ्हाईकही वाचत नाही आणि शोधातही टिकत नाही.

मानांकनांबद्दलही जपून. करवतकाठीला भौगोलिक मानांकन आहे. पण भौगोलिक मानांकनाच्या कायद्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्याशिवाय त्याची खूण वापरू नका. सिल्क मार्कचंही तेच. नोंद करून घेतली असेल, तर नोंदणी क्रमांकासह ठळक दाखवा. तो तुमचा हक्क आहे.

अक्षरं चित्रात अडकवू नका

मराठी साइटवर हमखास आढळणाऱ्या तीन गोष्टी:

- फ्लेक्सवाल्याकडून आलेलं चित्र. सगळी माहिती एका रंगीत चित्रात असते आणि तेच साइटवर चढवलेलं असतं. चित्रातल्या मजकुरावर शोधासाठी भिस्त ठेवता येत नाही. दर, पत्ता, वस्तूंची नावं साध्या मजकुरात लिहा.
- कृतिदेव किंवा श्रीलिपीतला मजकूर. डीटीपी केंद्रातून आलेला मजकूर तिथल्या संगणकावर मराठी दिसतो, पण साइटवर टाकला की त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. मजकूर युनिकोडमध्येच हवा. रूपांतर करून देणारी मोफत साधनं आहेत; मात्र रूपांतरानंतर जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला.
- एकाच पानावर तीन भाषा. मराठी, हिंदी आणि इंग्रजीसाठी वेगवेगळी पानं, वेगवेगळे पत्ते ठेवा. बटण दाबल्यावर आपोआप भाषांतर होणारी सोय वाचणाऱ्याला उपयोगी पडते, पण त्यातून त्या भाषेत तुमचं स्वतंत्र पान शोधात उभं राहत नाही.

पानाच्या पत्त्यात देवनागरी अक्षरं चालतात. पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना त्यांची टक्क्यांच्या खुणांची लांब माळ होते आणि ती बघून लोक दुवा उघडायला घाबरतात. म्हणून पत्ता इंग्रजी अक्षरांत, छोटा ठेवा.

फोनवर पटकन उघडतंय ना?

गूगल आता पानाची मोबाइलवरची आवृत्तीच वाचतं. तुमची साइट दुकानातल्या वायफायवर नव्हे, तर गावात जिथे रेंज कमी आहे तिथे उभं राहून उघडून पाहा. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असा गूगलचा निकष आहे. ‘पेजस्पीड इनसाइट्स’ या मोफत साधनावर तो तपासता येतो. साइट मंद असण्याचं कारण बहुतेकदा एकच असतं: कॅमेऱ्यातून निघालेली पाच-पाच एमबीची छायाचित्रं जशीच्या तशी चढवलेली. ती लहान करून टाका. पत्त्याआधी कुलूप किंवा सुरक्षिततेची खूण नसेल तर होस्टिंगवाल्याला एचटीटीपीएस चालू करायला सांगा. त्याचं प्रमाणपत्र मोफतही मिळतं. फोन नंबर असा ठेवा की दाबला की थेट फोन लागेल.

अभिप्राय मागा, विकत घेऊ नका

समाधानी गिऱ्हाइकाला अभिप्राय मागण्यात काही गैर नाही. प्रोफाइलमधून दुवा मिळतो. तो बिलावर क्यूआर कोड करून छापा. पण अभिप्रायाच्या बदल्यात सवलत किंवा भेटवस्तू देणं, भावकीतल्या वीस जणांना पाच तारे द्यायला लावणं, हे नियमाविरुद्ध आहे. असे अभिप्राय काढून टाकले जाऊ शकतात.

वाईट अभिप्राय आला तर दोन दिवस थांबून, शांतपणे, नेमकं उत्तर द्या. तो खोटा, शिवीगाळीचा किंवा तुमच्या दुकानाशी संबंधच नसलेला असेल तर तक्रार करता येते. फक्त आवडला नाही म्हणून गूगल तो काढत नाही. “पैसे द्या, काढून देतो” म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या दुव्यांचंही हेच तत्त्व. तुमचा माल विकणारं नागपूरचं दुकान, तुम्ही ज्या प्रदर्शनात भाग घेतला त्याचं पान, तुमच्यावर बातमी करणारं वर्तमानपत्र यांच्याकडून आलेला एक खरा दुवा मोलाचा आहे. पाचशे रुपयांत हजार दुवे विकणाऱ्यांकडून घेतलेले दुवे साइटला खाली नेऊ शकतात.

माणूस नेमायचा असेल तर

सगळं स्वतः करायला वेळ नसतो, हे मान्य. चांगलं काम करणारे तरुण आपल्या जिल्ह्यातही आहेत, त्यांना काम द्या. पण आधी हे विचारा आणि उत्तरं लेखी घ्या:

१. कोणती कामं करणार? “एसईओ, म्हणजे साइट शोधात वर आणण्याचं काम, करून देतो” हे उत्तर नव्हे.

२. सगळी खाती माझ्या नावावर राहतील ना? काम संपल्यावर पासवर्ड किती दिवसांत देणार?

३. दर महिन्याला सर्च कन्सोलचे आकडे दाखवणार का?

४. कुठून आणि कसे दुवे मिळवणार?

५. पैसे टप्प्याटप्प्यानं घेणार ना?

पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला काम देऊ नका. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलनं स्वतःच लिहून ठेवलं आहे. परिणाम दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं, असंही ते सांगतात. त्यामुळे महिनाभरात निकाल दाखवणाऱ्याकडेही संशयानं पाहा.

“गूगलमधून बोलतोय, तुमची नोंद उद्या बंद होणार, इतके रुपये भरा” असे फोन दुकानदारांना येत असतात. नोंदीसाठी गूगल पैसे घेत नाही. पडताळणीचा कोड कुणालाही सांगू नका, कारण त्या कोडवरून तुमची नोंद दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

काम न करता पैसे बुडवले तर

“आम्ही व्यापारी, ग्राहक न्यायालयात आम्हाला कोण विचारणार?” असं समजून लोक गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा सहसा ग्राहक ठरत नाही, हे खरं. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे, पण सेवांचा तसा स्पष्ट उल्लेख या कायद्यात नाही. म्हणून स्वतः मागावर बसणारा विणकर किंवा एकटीनं घरगुती पदार्थ विकणारी बाई यांनी गप्प न बसता आधी सल्ला घ्यावा. तक्रार करता येत असेल तर हे लक्षात ठेवा:

- मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे होते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही.
- तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगाकडे ती करता येते. साइट बनवणारी कंपनी बेंगळुरूची असली तरी भंडाऱ्यातच.
- मुदत दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ वर फोन करा.
- लेखी करार, पैसे भरल्याची पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, साइटचे तारखेसह स्क्रीनशॉट जपून ठेवा. तोंडी ठरलेलं सिद्ध करणं फार कठीण जातं.

साइटवरून माल विकत असाल तर

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर असावं लागतं. एकट्याच्या दुकानात तो अधिकारी तुम्हीच. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात करायचं असतं. तांदूळ, पापड, लोणचं विकणाऱ्यांनी अन्न सुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांकही दाखवावा. ही माहिती नसलेल्या साइटवर लांबचं गिऱ्हाईक आगाऊ पैसे भरायला कचरतं, त्यामुळे कायद्यासाठी नाही तरी विक्रीसाठी ती हवीच.

महिन्यातून एक तास

एवढं झाल्यावर रोज क्रमांक बघत बसू नका. महिन्यातून एकदा सर्च कन्सोलमध्ये कोणत्या शब्दांवर तुमचं पान दिसलं, ती यादी उघडा. जे पान लोकांना शोधात दिसलं पण कुणी दाबलं नाही, त्या पानाचं शीर्षक बदलून पाहा. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशानं फरक पडला ते कळेल. हंगामाच्या पानांना आधी वेळ द्या. भाऊबीजेनंतर गावोगावच्या मंडया सुरू होतात आणि पाहुण्यांसाठी साड्या-भांड्यांची खरेदी होते. त्यासाठीचं पान दिवाळीच्या आठवड्यात टाकून उपयोग नाही, पावसाळा संपायच्या आत टाका. आणि त्या यादीत एखादा शब्द असा सापडेल, जो तुमच्या पानावर अजून कुठेच नाही, पण लोक तो टाकून तुमच्यापर्यंत पोचताहेत. तो वहीत लिहा. पुढचं पान त्याच्यावर.